जुनं आर्केड टेबल घरीच दुरुस्त करतोय: पिक्चर ट्यूब ठेवू की काढू?

भंगारप्रेमी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

एक बंद पडलेलं कॉकटेल टेबल आर्केड (नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र) माझ्या ताब्यात आलंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गुडघ्याएवढं बसकं टेबल, वर जाड काच, काचेखाली आभाळाकडे तोंड करून झोपवलेला पडदा आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक जॉयस्टिक. दोघांनी समोरासमोर बसायचं, आळीपाळीने खेळायचं. खेळ १९८० चा पॅक-मॅन, म्हणजे पिवळ्या गोळ्याने चक्रव्यूहातले ठिपके खायचे आणि भुतांना चुकवायचं. बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, ट्यूब सगळं मूळचं.

आत धूळ इतकी होती की पहिला दिवस ब्रश आणि व्हॅक्यूममध्येच गेला. बोर्डाचा एज कनेक्टर (बोर्डाची कड जिच्यात खोचतात ती वायरींची पट्टी) जळून काळा पडला होता, तो बदलला. तेवढ्यात वायरिंगचीही हजामत केली. कुठेच न जाणाऱ्या दोन-तीन फालतू वायरी लोंबत होत्या, त्या कापून टाकल्या. आता आत कसं मोकळं मोकळं वाटतंय. सुरू केलं आणि चक्क चित्र आलं! आधी पडदाभर अक्षरांचा कचरा, मग क्षणभर चौकडी, मग खेळ. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

पण रड अशी की चित्राची उजवी कड लाटेसारखी हलते, लाल रंग फिका आहे आणि टेबल बंद असतानाही काचेवर चक्रव्यूहाची पुसट रेघ दिसते. शिवाय समोरच्या बाजूची जॉयस्टिक मेलेली आहे आणि दुसऱ्या खेळाडूची पाळी आली तरी चित्र त्याच्या बाजूला फिरत नाही. आई आणि मी खेळतो तेव्हा तिला दर वेळी उठून माझ्या बाजूला यावं लागतं. एका पायाचा पार्टिकल बोर्डही फुगलाय.

मित्राचं म्हणणं, ट्यूब फेक, एलसीडी लाव, आत छोटा संगणक टाक, दोन तासांचं काम. माझं मन होत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?

तिरकस
मी मोबाईलवर खेळलो असतो. (ह. घ्या.)

सोल्डरराव
आधी अभिनंदन. चित्र येतंय म्हणजे ऐंशी टक्के लढाई जिंकलात.

ट्यूब काढू नका. तुम्ही सांगितलेल्या दोषांपैकी ट्यूबचा खरा दोष एकच, तो म्हणजे पडद्यावर भाजलेला चक्रव्यूह. तोच नकाशा वर्षानुवर्षं एकाच जागी उजळत राहिला की तिथला फॉस्फर (काचेच्या आतला चमकणारा लेप) झिजतो. त्यावर औषध नाही, ट्यूबच बदलावी लागते. पण टेबल चालू असताना ती भाजलेली रेघ आणि खेळातली निळी भिंत एकमेकींवर तंतोतंत बसतात, त्यामुळे खेळताना कळतही नाही.

कड हलणं हे बहुतेक वेळा वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं लक्षण. मॉनिटरच्या चॅसिसवर (ट्यूब चालवणाऱ्या सर्किट बोर्डावर) असे वीसेक कॅपॅसिटर असतात. निदान करत बसू नका, सरसकट सगळे बदला. मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरपासून सुरुवात करा. लाल फिका म्हणताय, तर ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डावर भिंगातून पाहा. पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग दिसेल. चाळीस वर्षं तापून-निवून ती पडतेच. पुन्हा सोल्डर केलं की बऱ्याचदा रंग परत येतो.

फ्यूज उडाला
सोल्डररावांशी सहमत, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून ठळक सांगतो.

चॅसिसला हात लावण्याआधी ट्यूब डिस्चार्ज करा. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर (ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली असलेलं टोक) वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. प्लग काढा. प्लॅस्टिकच्या मुठीच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरला जाड वायर बांधा, वायरीचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या जाळीदार पट्ट्याला पकडवा. मग पातं रबरी टोपीखाली हळूच सरकवा. 'टक्' आवाज येईल किंवा येणार नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच करा, कारण ट्यूबमध्ये थोडा भार आपोआप परत जमतो. एक हात पाठीमागे. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

आणि ट्यूब मानेला धरून उचलू नका. पुढची काच दणकट असते, मान मात्र बल्बइतकी नाजूक.

गुंतवळ
>>> एक हात पाठीमागे
आमच्याकडे हे काम करताना मी नवऱ्याचा डावा हात मागून धरून उभी राहते. लोकांना वाटतं प्रेम आहे.

अर्धवट अभियंता
मी विरुद्ध बाजूने लिहितो, म्हणजे धाग्याला शंभरी गाठता येईल.

टेबल कशासाठी आहे? खेळण्यासाठी. ट्यूब आज कॅपॅसिटर मागतेय, उद्या फ्लायबॅक (ट्यूबला तो प्रचंड दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) जाईल. तो जळला की तुमच्या चॅसिसचा नेमका फ्लायबॅक शोधणं म्हणजे दुसरी नोकरी. मी माझ्या टेबलात एलसीडी टाकला आणि सुखाने खेळतोय. वजन निम्मं झालं आणि आतली उष्णताही गेली.

मात्र दोन ठेचा खाल्ल्या त्या सांगतो. पहिली म्हणजे जुना बोर्ड साधारण १५.७ किलोहर्ट्झवर चित्र देतो आणि संगणकाच्या मॉनिटरला किमान ३१ लागतात. थेट जोडलं तर 'सिग्नल नाही' एवढंच दिसतं. मध्ये कन्व्हर्टर बोर्ड लागतो. दुसरी ठेच महागात पडली. मी हाताशी होता तो टीएन पॅनल लावला. माझ्या बाजूने चित्र झकास, पण समोरच्याला सगळं काळपट आणि रंग उलटेपालटे. टीएन पॅनल एका बाजूने पाहायलाच बनवलेला असतो आणि हे टेबल नेमकं दोन्ही बाजूंनी पाहायचं. शेवटी आयपीएस (सगळ्या बाजूंनी नीट दिसणारा पॅनल) आणून लावला. कॉकटेल टेबलात आयपीएसच हवा, दुसरं काही नको.

सोल्डरराव
@अर्धवट अभियंता, तुमच्या काढलेल्या ट्यूबचं काय झालं?

अर्धवट अभियंता
आहे की माळ्यावर.

सोल्डरराव
मग ठीक. माझा राग ट्यूब काढण्यावर नाही, ती फोडून, वायरी कापून, टेबलात नवा चौकोन करवतून एलसीडी बसवणाऱ्यांवर आहे. उद्या कुणाला मूळ रूपात परत न्यायचं झालं तर स्क्रू काढून नेता आलं पाहिजे. माणूस घरात भाड्याने राहतो तसं या यंत्रात राहावं, भिंतीला खिळे मारू नयेत.

पिवळा गोळा
अवांतर: ही टेबलं जपानमध्ये १९७८ साली टायटोच्या स्पेस इन्व्हेडर्सने गाजवली. तिथल्या कॉफीगृहांनी नेहमीची टेबलं काढून ही बसवली होती. त्यात ८०८० प्रोसेसर होता. परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले वेगाने धावू लागतात ना, तो मुळात मुद्दाम आखलेला भाग नव्हता. कमी आकृत्या काढायच्या म्हणून प्रोसेसर मोकळा होत गेला आणि खेळ पळायला लागला. निर्मात्याने ते तसंच ठेवलं.

पॅक-मॅनचं जपानी नाव 'पक-मॅन' होतं. अमेरिकेत नेताना बदललं, कारण कुणी खोडसाळाने पहिलं अक्षर खरवडलं असतं तर पाटीवर शिवी उरली असती.

तिरकस
आणि २५६ व्या पातळीला अर्धा पडदा भंजाळतो, तेही सांगा.

पिवळा गोळा
सांगतो की. पातळीचा आकडा आठ बिटांत ठेवलाय, म्हणजे ० ते २५५. त्यापुढे गेलं की आकडा उलटून शून्यावर येतो. खाली फळं काढणारा प्रोग्राम त्यामुळे फसतो आणि २५६ फळं काढायला निघतो. फळं संपली की मेमरीत पुढे जे असेल ते चितारत सुटतो. उजवा अर्धा पडदा अक्षरांनी भरतो, ठिपके पुरे होत नाहीत, खेळ तिथेच संपतो.

सुतारपक्षी
मंडळी बोर्डात रमलीत, त्या फुगलेल्या पायाकडे कुणी बघेल का?

पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद. पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी पूर्वीच्या जाडीला येत नाही. थोडाच फुगला असेल तर आधी पूर्ण वाळवा. मग सुटलेल्या थरांत सुईने पातळ इपॉक्सी सोडा, दोन्हीकडून मेण लावलेल्या फळ्या ठेवून क्लॅम्प आवळा आणि एक रात्र विसरून जा. दुसऱ्या दिवशी रंधा नको, पॉलिश पेपरच. बोटाने दाबून चुरा पडत असेल तर लाड करू नका. तेवढा तुकडा सरळ कापा आणि त्याच जाडीचा प्लाय डॉवेल घालून जोडा. लॅमिनेट वर आलं की खालचा सांधा कुणाला दिसत नाही.

कडेची काळी प्लॅस्टिक पट्टी मात्र जपून काढा. तिची जीभ खाचेत बसते. खाच रुंद झाली असेल तर इपॉक्सीने बुजवून नवी पाडावी लागते. फट दिसली म्हणून पट्टीवर खिळे ठोकलेली टेबलं मी पाहिलीत. रात्री झोप लागत नाही.

काचेवरचा डाग
काचेबद्दल माझ्याकडून दोन शब्द. हे शहाणपण रडून मिळवलंय.

माझ्या टेबलाच्या काचेचा एक कोपरा उडाला होता. म्हटलं, कोपरे थोडे गोलाकार कापून घेऊ, चारही सारखे दिसतील. काच कापणाऱ्याने चाक टेकवलं, दाब दिला आणि अख्खी काच आमच्या डोळ्यांदेखत साबुदाण्यासारखी झाली. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. आधी माप, मग कापणं, कोपरे गोल करणं, कडा घासणं आणि सगळ्यात शेवटी टफन करणं. हा क्रम चुकवू नका. साधी काच लावायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, लोक हरल्यावर टेबलावर मूठ आपटतात.

दुसरं रडणं. काही टेबलांत चित्र वेगळ्या कागदावर असतं, काहींत काचेच्या आतल्या बाजूलाच छापलेलं असतं. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. काच पुसायच्या फवाऱ्याने आतून घसाघसा पुसलं. पहिला फडका पांढरा आला, दुसरा पिवळा. तिसऱ्यावर भूत आलं. अर्धं भूत, नेमकं सांगायचं तर.

गुंतवळ
"तिसऱ्यावर भूत आलं" :हसून हसून लोळण:
वाचनखूण साठवली.

फ्यूज उडाला
@भंगारप्रेमी, तुमचं टेबल किती व्होल्टचं? ट्रान्सफॉर्मरजवळची पाटी वाचा. ११५ चं यंत्र २३० वर लावलं तर एकाच क्षणात सगळ्याच प्रश्नांचा निकाल लागतो. काही ट्रान्सफॉर्मरना दोन्ही दाबांचे टॅप (जोडणीची टोकं) असतात, ते आधी तपासा. ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर थोडा जास्त तापतो, म्हणून हवेची भोकं बुजवू नका.

मॉनिटरला वीज आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच (घरच्या विजेपासून यंत्र वेगळं ठेवणारा) जाते ना, तेही बघा. आधीच्या कुणी 'जागा वाचवायला' तो काढून टाकला असेल तर चॅसिसच थेट मेन्सला जोडलेली असते.

भंगारप्रेमी
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

ट्रान्सफॉर्मर योग्य टॅपवर आहे, आयसोलेशनही जागेवर आहे. फ्यूज उडाला यांनी सांगितल्याप्रमाणे डिस्चार्ज केलं. 'टक्' आवाज आला आणि माझ्याच हृदयाचा एक ठोका चुकला. कॅपॅसिटर सगळे बदलले. एक उलटा बसवला होता, सुरू करण्याआधी तपासताना दिसला म्हणून वाचलो. कड आता काठीसारखी सरळ. मानेच्या बोर्डावर खरंच गोल भेग होती, तीही लाल रंगाच्याच पिनेवर! लाल भूत पुन्हा लालबुंद झालंय. ट्यूब राहतेय, निर्णय झाला.

पण समोरची जॉयस्टिक अजून मेलेलीच आहे. लीफ स्विचच्या पात्या जाड कागदाने घासल्या, वाकवून जवळ आणल्या. मल्टिमीटरवर संपर्क दाखवतात, खेळात मात्र हलत नाही. चित्रही फिरत नाही. जॉयस्टिक नवी घेऊ का? आणि चित्र फिरवणारा भाग बोर्डावर कुठे असतो? तो गेला असेल का?

अर्धवट अभियंता
>>> पात्या जाड कागदाने घासल्या
सँडपेपरने नाही ना? त्या संपर्कांवर मुलामा असतो, साधा कोरा कागदच बरा.

बाकी बोर्डच गेला असेल तर आता तरी छोटा संगणक टाका. :डोळा मारणारी बाहुली:

सोल्डरराव
थांबा. काहीही विकत घेऊ नका. हे दोन वेगळे बिघाड नाहीत, एकच आहे असं मला वाटतं.

या बोर्डाला स्वतःहून कळत नाही की तो उभ्या कपाटात बसलाय की टेबलात. त्याला ते सांगावं लागतं. 'उभं' समजला तर तो दुसऱ्या खेळाडूलाही पहिलीच जॉयस्टिक देतो, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. आणि चित्र फिरवत नाही, कारण उभ्या कपाटात दोघेही एकाच बाजूला उभे असतात. तुमची दोन्ही लक्षणं जुळतात.

टेस्ट स्विच चालू करा. मेमरी ठीक आहे, किती नाण्यांना किती डाव, अशा ओळी येतील. त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचून इथे लिहा.

भंगारप्रेमी
'अपराईट' असं लिहिलंय.

सोल्डरराव
तिथे 'टेबल' यायला हवं. आता सांगा, पहिल्या पोस्टमध्ये ज्या 'फालतू' वायरी कापल्यात, त्यात एखादी एज कनेक्टरपासून निघून नुसती ग्राउंडला जाणारी होती का?

भंगारप्रेमी
...

भंगारप्रेमी
होती. काळी. ग्राउंडच तर आहे, ग्राउंडला दुसऱ्या दहा वायरी आहेत, ही कशाला, म्हणून कापली.

तिरकस
दोन मिनिटं शांतता.

सोल्डरराव
तीच ती. बोर्डावर एक इनपुट आहे. तो मोकळा असेल तर बोर्ड समजतो उभं कपाट, ग्राउंडला जोडला तर टेबल. एवढी एक वायर म्हणजे या यंत्राचं 'मी टेबल आहे' हे भान. तुमच्या बोर्डाचा वायरिंग नकाशा काढून ती पिन नेमकी शोधा, अंदाजाने ग्राउंड देऊ नका. शेजारच्या पिनांवर ट्रान्सफॉर्मरची वीजही येते.

सुतारपक्षी
आमच्यात म्हणतात दोनदा मोजा, एकदा कापा. वायरींनाही लागू दिसतंय.

काचेवरचा डाग
भंगारप्रेमी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही वायर कापलीत, मी भूत पुसलं.

गुंतवळ
पुढच्या वेळी हार्नेस (वायरींचा जुडगा) काढण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घाला आणि दोन्ही टोकांचे फोटो काढा. आमच्याकडे नवऱ्याने नंबर नीट घातले होते, पण ६ आणि ९ खाली रेघ मारायला विसरला. तीन रविवार गेले.

भंगारप्रेमी
धागा वर काढतोय, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

नकाशा मिळाला, पिन सापडली. कापलेली वायर कचऱ्याच्या पिशवीतूनच शोधून काढली, तीच परत जोडली, वरून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). टेस्ट स्विच चालू केला. शेवटच्या ओळीत 'टेबल'.

आई समोर बसली. माझा गडी मेला, एक क्षण पडदा काळा झाला आणि अख्खं चित्र तिच्याकडे तोंड करून आलं. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि जॉयस्टिक हातात घेतली ती सोडेचना. इतके दिवस ती माझ्या शेजारी अवघडून बसायची म्हणून हरत होती हे आता कळलं. पाचच दिवसांत माझा सगळ्यात मोठा स्कोअर तिने दुपटीने मागे टाकलाय.

पाय सुतारपक्षींच्या पद्धतीने दुरुस्त केला, पट्टीही बसली. लॅमिनेटचा एक कोपरा उठलाय, त्यासाठी काँटॅक्ट सिमेंट आणलंय. काचेचं चित्र आतून ब्रशनेच झटकतोय, पाण्याचा थेंब नाही.

आता नवा प्रश्न. आई टेबल बंद करू देत नाही. बंद केलं की तिचा हाय स्कोअर पुसला जातो, आणि चालू ठेवलं तर ट्यूब आणखी भाजणार. बोर्डावर बॅटरी बसवून स्कोअर जपता येतो का?

सोल्डरराव
या बोर्डात स्कोअर जपायची सोयच नाही, वीज गेली की गेला. बॅटरी घुसवायच्या फंदात पडू नका. ज्या जुन्या बोर्डांत स्कोअर आणि सेटिंगसाठी बॅटरी दिल्या होत्या, त्यातले कितीतरी त्याच बॅटरी गळून खलास झालेत. ती हिरवी कीड एकदा तांब्यात शिरली की ट्रॅक खात सुटते.

ब्राइटनेस थोडा उतरवा आणि रात्री टेबल बंद करा.

अर्धवट अभियंता
छोटा संगणक टाकला असता तर स्कोअर राहिला असता. मी फक्त म्हणतोय.

तिरकस
पडद्याचा फोटो काढा, फ्रेम करून टेबलाशेजारी लावा.

भंगारप्रेमी
फोटो काढलाय. आई म्हणते, त्यात स्कोअर तिच्या बाजूने सुलट दिसायला हवा. पुन्हा काढतोय.